पहिल्या गिअरची गाडी

“पैसे घालण्यासारखी आहे का ती, एवढंच सांगा.”

धन्यकुमार चौगुलेनं हे विचारलं तेव्हा महाराज बस्तीच्या ओवरीत पाटावर बसले होते. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. समोर चटईवर आम्ही चार-पाच जण होतो. महाराजांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

“काय घालण्यासारखी?”

“गाडी, महाराज. ॲम्बॅसेडर. आमच्या आण्णांची.”

महाराज हसले.

“दीक्षा घेतल्यापासून मी कुठल्याच वाहनात बसलेलो नाही. जिथं जायचं तिथं चालत. आणि तू मला गाडीचं विचारतोस?”

“आईची अट आहे. महाराजांना विचार, मग काय ते कर, म्हणाली.”

धन्यकुमारचा कोल्हापुरात जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा आहे. गाडीभोवती एक फेरी मारली की तो किंमत सांगतो, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असते. त्याचा त्याला गर्व आहे. पण वडील गेल्यापासून गावाकडच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या घरच्याच एका गाडीची किंमत त्याला ठरवता येत नव्हती. सकाळी वाटायचं मोडीत घालावी, जेवायला बसला की वाटायचं दुरुस्त करावी. शेवटी वैतागून त्यानं मोडवाल्याला दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन यायला सांगितलं होतं.

आता फक्त महाराजांचा होकार राहिला होता. आणि तो मिळणार याची त्याला खात्री होती. ज्यांनी घरदार, पैसा, पायातली चप्पलसुद्धा सोडली, ते गाडी सोड म्हणायला कितीसा वेळ लावणार?

“तुला काय वाटतं?” महाराजांनी विचारलं.

“मोडीत. मेस्त्री म्हणतो, इंजिन सगळं उतरवायला लागणार. क्लच गेलाय, रेडिएटर गेलाय, खालून पत्रा कुजलाय. तो सांगतोय तेवढ्या पैशात दोन चालत्या गाड्या येतील. आणि एवढं करून बाजारात तिला विचारणार कोण?”

“मग ठरलं की.”

धन्यकुमार चटईची काडी उपसत बसला.

“ठरलं असतं तर आलो असतो का, महाराज? तुम्ही हो म्हणा, नाहीतर नको म्हणा. आईला तसं सांगतो.”

“वाहन दुरुस्त कर, असं मला म्हणता येत नाही. मोड, असंही म्हणता येत नाही. दोन्ही माझ्या नेमाच्या बाहेरचं आहे.”

धन्यकुमारचा चेहरा पडला. एवढ्या लांबून येऊन हात हलवत परत जायचं म्हणजे कुणाचाही पडेल.

महाराजांना त्याची दया आली असावी. त्यांनी विचारलं, “खराब कशानं झाली?”

“पहिल्या गिअरनं.”

“म्हणजे?”

इथं मात्र तो भडाभडा बोलला. वर्षानुवर्षं साठलेलं होतं.

“मुनींचा विहार असला की आमचे आण्णा गाडी घेऊन मागं. मुनी चालत, आण्णा त्यांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये. टपावर मुनींच्या आहाराच्या चौक्याची भांडी, डिकीत धान्य. माणसाच्या चालीनं, महाराज! उन्हातान्हात, मैलच्या मैल. कुठलं इंजिन टिकणार? गाडी पळवायला असते. आण्णांनी ती रांगवली. चांगल्या गाडीची राख केली.”

“आणि?”

“आणि काय? आम्हाला त्या गाडीतून कधी जोतिबाच्या डोंगराखालीसुद्धा नेलं नाही. माझ्या दहावीच्या निकालाला आण्णा कुठं? बेळगावच्या वाटेवर, कुणा महाराजांच्या मागं. मी तोंडावर बोललो होतो त्यांना, गाडी वाया घालवलीत म्हणून.”

“काय म्हणाले?”

“हसले.”

नेमगोंडा चौगुले, म्हणजे नेमूआण्णा, आम्हा सगळ्यांना माहीत होते. ते असेच हसायचे. त्यांच्याशी भांडण करायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा, आणि चेंडू परतसुद्धा यायचा नाही.

महाराज मघापासून मान थोडी तिरकी करून ऐकत होते.

“गाडी बंद केली की ती लगेच बंद व्हायची?” त्यांनी अचानक विचारलं.

“नाही. दोनदा खोकायची. मग बंद.”

“आणि चढाला बारीक शिट्टी यायची...”

धन्यकुमारनं वर बघितलं. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“नेमगोंडा गेले?” महाराजांनी विचारलं.

“श्रावणात.”

“उद्या सकाळी माझा विहार आहे. तुझी शेड वाटेवरच पडते ना? दाखव मला गाडी.”

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर महाराज निघाले. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, बाकी काही नाही. मागं आम्ही निरोपाला. गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागायच्या आधी चौगुल्यांची पत्र्याची शेड आहे. धन्यकुमारनं दार सरकवलं.

गाडी होती तशी होती. चाकं बसलेली, दिव्याच्या काचेत कोळिष्टक, टपाच्या कॅरिअरला अजून सुतळीचा एक तुकडा.

महाराज तिच्या समोर उभे राहिले.

“पांढरी होती होय...”

“होती म्हणजे? तुम्ही बघितली नव्हती?”

“आवाज माहीत होता.”

“किती वर्षं मागं होती, महाराज?”

“दहा-बारा तरी.”

“आणि रंग माहीत नाही?”

“मुक्काम जवळ आला की ती बाजूनं चौका मांडायला पुढं जायची. माझी नजर खाली. एरवी ती सारखी पाठीमागं. तिचं तोंड मी आज पहिल्यांदा बघतोय.”

धन्यकुमारला हसू आलं. एक माणूस बारा वर्षं गाडीपुढं चालतो आणि तिचा रंग सांगू शकत नाही, हे त्याच्या धंद्यात बसणारं नव्हतं. पण हसता हसता तो थांबला, कारण महाराज हसत नव्हते. ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे बघावं तसे गाडीकडे बघत होते.

मग ते वळले आणि रस्त्याला लागले.

कारखाने सुरू होते. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी लावलेली. त्यांना ब्रेक असतो असं आमच्याकडं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

महाराज थांबले. आम्हाला त्यांनी हातानंच कडेच्या बांधावरून चालायला सांगितलं. धन्यकुमारला मात्र रस्त्यावरच ठेवलं.

“तू पुढं हो.”

“तुमच्या पुढं?”

“हो. खाली बघून चाल. चार हात पुढची जमीन दिसली की बास. मुंगी दिसली, किडा दिसला, तर पाय बाजूला टाक. मान वर करायची नाही. मागं बघायचं नाही.”

मुनी असेच चालतात. पायाखाली जीव येऊ नये म्हणून त्यांची नजर सदा जमिनीवर असते. आम्ही लहानपणापासून ते बघत आलोय. त्यात अवघड काय असतं, असा प्रश्न आमच्यातल्या कुणाला कधी पडला नव्हता.

धन्यकुमार चालायला लागला. त्याच्या मागं महाराज.

पाठीमागून हॉर्न वाजला. तो गर्रकन वळला.

“खाली,” महाराज म्हणाले.

तो पुन्हा चालू लागला. दुसरा हॉर्न वाजला, तेव्हा तो उडी मारून खडीवर गेला.

“खाली बघ.”

तिसरा ट्रॅक्टर हॉर्न न वाजवताच आला. वाऱ्याचा झोत आणि उसाचं पाचट अंगावर आलं तेव्हा त्याला कळलं. तो पार बांधाला येऊन टेकला. मोठमोठ्या गाड्यांचे सौदे करणारा माणूस, पण चेहरा पांढरा पडला होता.

“जमत नाही, महाराज.”

“का?”

“खाली बघितलं की मागून काय येतंय कळत नाही. मागं बघितलं की पायाखाली काय आलं कळत नाही. पाठीला काय डोळे आहेत?”

“मला होते.”

धन्यकुमार त्यांच्याकडे बघत राहिला.

“लोक म्हणायचे, बघा, महाराज मुंगीवरसुद्धा पाय देत नाहीत. नमोस्तु म्हणायचे. मला बरं वाटायचं. मुंगी मी वाचवली... मला कोण वाचवत होतं, ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.”

“आण्णा...”

“मागं तो आवाज चालू असायचा. तो आहे तोवर मला मान वर करावी लागत नव्हती. त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही मागं बघितलं नाही. माझा नेम मी पाळला असं मला वाटत होतं. अर्धा त्यांनी पाळला. त्यांना तोंडानं कधी बोललो नाही. आता ते नाहीत. म्हणून तुला सांगतो. फार उपकार झाले.”

धन्यकुमार रडला. भर रस्त्यात, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत. त्याला आण्णांची मान आठवली, असं तो मला नंतर म्हणाला. विहार गावातून जाताना दिसायची तशी, स्टिअरिंगवर पुढं झुकलेली, सारखी आरशाकडं वळणारी. लहानपणी त्याला वाटायचं, आण्णा आरशात स्वतःचं तोंड बघतात. आता त्याला कळलं की ते मागून येणारा प्रत्येक ट्रक बघत होते. आपल्या बापानं काय केलं ते आज कुणीतरी सांगितलं, आणि ज्यानं सांगितलं तो माणूस जिवंत समोर उभा होता. एवढं सुख त्याला कुठल्याच सौद्यात झालं नव्हतं.

आमच्यातल्याही दोघांनी डोळे पुसले. त्यातला एक मी.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मोडवाला.

“नको येऊस,” धन्यकुमार नाक ओढत म्हणाला. “नाही, उद्या पण नको. अरे बाबा, किंमत वाढवून मागत नाही मी! विकायची नाही. ठेव.”

फोन खिशात टाकून तो काही न विचारता महाराजांच्या मागं जाऊन उभा राहिला. महाराज पुढं निघाले. अनवाणी, टाचा भेगांनी फाटलेल्या, नजर खाली, आपल्या चालीनं.

ट्रॅक्टर आला. धन्यकुमारनं रस्त्याकडं सरकून हात आडवा धरला. ट्रॅक्टरवाल्यानं शिवी घातली असावी, गाण्याच्या आवाजात ऐकू आली नाही. पण त्यानं ट्रॉल्या लांबून काढल्या.

महाराजांनी मान वर केली नाही.

असे ते बरंच अंतर गेले. फाटा आला. पण धन्यकुमारचा धंदा त्याच्या अंगात मुरलेला. तो गप्प किती राहणार?

“महाराज...”

“बोल.”

“गाडी करतो मी दुरुस्त. पैसे गेले तर जाऊ देत. पण नुसती पुसून दारात ठेवायची नाही मला. तुमच्यासारख्यांच्या मागंच लावणार. पण मग ती पुन्हा तशीच होणार की. पहिल्या गिअरमध्ये. पुन्हा क्लच जाणार, पुन्हा इंजिन जाणार.”

“जाणार.”

धन्यकुमारला एवढ्यावर समाधान होईना. तो दोन पावलं जवळ आला.

“मग एवढा खर्च करून उपयोग काय, महाराज?”

वाटेत काहीतरी सरपटत होतं. महाराज थांबले. ते पलीकडं जाईपर्यंत उभे राहिले, आणि मागं न बघता म्हणाले,

“तू मागं आहेस ना?”

“हो.”

“मग माझ्या टाचा बघ. त्या कशानं झिजल्यात?”