घटिकापात्र बुडेना

राजे जोशांना विचारून लढाईला निघत, त्या काळी एका गडावर पाण्याच्या घंगाळात तांब्याचं घटिकापात्र तरंगत असे. तळाच्या भोकातून पाणी भरून ते बुडालं की मुहूर्त लागे, नगारा वाजे आणि फौज निघे.

एकदा शत्रू गड चढू लागला. घोडे खूर आपटू लागले, नगाऱ्याचं कातडं थरथरू लागलं.

"अरे, बुड की लवकर," नगारा म्हणाला.

"मुहूर्त मी ठरवतो. थांब जरा," पात्र ऐटीत म्हणालं. पूजेच्या अक्षतेचा दाणा भोकात अडकलाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दरवाजा फुटला. शत्रूचा नगारा दणाणत आत आला.

"कुठल्या मुहूर्तावर गड चढलात?" गडाच्या नगाऱ्याने विचारलं.

"काय सांगू," तो म्हणाला, "आमचं घटिकापात्र वाटेतच हरवलं."