डाव्या पिळाचा दोर

पाहुण्यांनो, पुलावर पाय ठेवण्याआधी जरा या दगडावर टेका. घाईने जाणाऱ्याला हा पूल फार हलवतो, आणि तुमच्याकडे बघून तुम्हाला घाई आहे हे कुणीही सांगेल. पेरूत येणारे लोक आधी इंकांच्या दगडी भिंती बघतात, आणि मग वेळ उरला तर वाट वाकडी करून आमच्या इचूपाता गावात येतात. भिंती बांधणारे कधीच गेले. हा पूल मात्र आम्ही दर वर्षी जुना कापून नदीत सोडतो आणि नवा बांधतो. सगळा गवताचा. डोंगरावर ते राठ पिवळे गवत दिसते ना, तेच.

आता हाताला धरायच्या दोराकडे बघा, नदी जिकडून येते त्या बाजूच्या. त्याला बारीक दोर गुंडाळले आहेत. त्यांच्यावर कसलाच भार नाही आणि त्यांचा पीळ उलटा आहे. मघाशी तुमच्यातल्या कुणी विचारले, ही सजावट का म्हणून. सजावट नव्हे.

असे सांगतात, की इंकांच्या अमलात प्रत्येक घराने पुलासाठी एक दोर द्यायचा अशी सक्ती होती. बारीक दोर बायका वळत. पुरुष ते एकत्र पिळून मांडीएवढी दोरखंडे करत. पुलाचा दोर नेहमी उजव्या पिळाचा. डावा पीळ मेलेल्यांचा. घरात कुणी गेले की डाव्या पिळाचा धागा मनगटाला बांधायचा, गेलेल्याचे कपडे नदीवर नेऊन धुवायचे, आणि त्या वर्षी त्या घराला दोर माफ. बांधणी चालू असताना बायकांनी दरीत उतरायचे नाही, असाही दंडक होता. तो अजून आहे. माझ्या नातीला तो मुळीच मान्य नाही आणि त्यावरून ती माझे डोके खाते.

त्या काळी वाराका नावाचा माणूस गावाचा प्रमुख होता. त्याचा धाकटा भाऊ वाल्पा, आणि वाल्पाची बायको ताम्या. पावसाळा सरत आला होता, पूल जुना झाला होता, आणि वाराकाला पलीकडच्या गावी निरोप धाडायचा होता. त्याने भावाला जायला सांगितले.

वाल्पा म्हणाला, "दादा, मधले दोर कुजलेत. नवा पूल होईस्तोवर थांबू."

"मी परवाच जाऊन आलोय," वाराका म्हणाला. "पुलाला भितोस की बायकोला विचारायचंय?"

चारचौघांत असे बोलल्यावर कोण थांबणार? वाल्पा गेला. पूल मधोमध तुटला, खाली नदीला पूर होता, आणि त्याचे प्रेत काही हाती लागले नाही.

ताम्या नवऱ्याचे कपडे घेऊन नदीवर निघाली, तर वाराका वाटेत आडवा उभा राहिला. प्रेत नाही तर मरण नाही, म्हणाला. वाल्पा खाली कुठेतरी काठाला लागला असेल, येईल. लोकांनी माना डोलावल्या. वाल्पा मेला म्हटले, तर त्याला पाठवले कुणी, हा प्रश्न आलाच, आणि तो प्रमुखाला विचारायची कुणाची छाती नव्हती. म्हणून ताम्याला ना धागा बांधता आला, ना कपडे धुता आले. वर वाराकाने निरोप धाडला, की घरधनी जिवंत आहे तेव्हा दोरही आला पाहिजे.

ताम्याने दोर वळला, तो डाव्या पिळाचा. काही म्हणतात, सूडाने. माझी आजी म्हणायची, दुःखात हात आपोआप तिकडेच वळतात, तिला कळलेसुद्धा नसेल. मला आजीचे पटते. दोर गोळा करणाऱ्यांनी लांबी बघितली, जाडी बघितली. पीळ कुणी बघितलाच नाही. पुलासाठी डावा दोर कोण देईल? पण उजव्या पिळाच्या दोरांत एक डावा गेला, की मोठे दोरखंड पिळताना बाकीचे घट्ट होतात आणि हा उलगडत जातो. बाहेरून काही दिसत नाही.

पूल उभा राहायच्या दिवशी ताम्याने घरात उरलेले दोराचे टोक हातात घेतले आणि त्याचा पीळ डावा आहे हे तिच्या ध्यानात आले. दंडक मोडून ती धावत दरीत उतरली. पुरुष ओरडले, अपशकुन म्हणाले. ती वाराकासमोर उभी राहिली.

"भाऊजी, माझा दोर डावा आहे. तो काढा. माणसं मरतील."

तो काढायचा म्हणजे त्या घरात मरण झाले हे कबूल करायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशातला हा माणूस. तो म्हणाला, "दोर उजवाच आहे. माझा भाऊ जिवंत आहे." आणि हे सिद्ध करायला तो स्वतःच पुलावर निघाला.

मधोमध पोहोचला तेव्हा पायाखालचे दोरखंड सुटू लागले. पूल एका अंगाला कलंडला. काठावरचे लोक दगडासारखे उभे. ताम्याने उसवणारे टोक धरले, कमरेभोवती वेढे घेतले आणि दगडाला पाय लावून मागे रेटा दिला. तरी दोर सुटतच होता. तेव्हा लोंबकळत असलेला वाराका ओरडला, "वाल्पा मेला! मी पाठवला म्हणून मेला!"

हे शब्द बाहेर पडले आणि सुटणारा पीळ म्हणे जागच्या जागी थांबला. वाराका हातांवर सरकत परत आला. त्याचा पाय दगडाला लागला, आणि ताण सुटल्यासारखा पूल कोसळला. कमरेचे वेढे सोडवायला ताम्याला सवड मिळाली नाही. तीही सापडली नाही.

वाराकाने दोघांचे कपडे नदीवर नेऊन स्वतः धुतले. बायकांचे काम, त्याला येत नव्हते. तरी बसून त्याने दोन डावे दोर वळले आणि नव्या पुलाच्या हातदोराला बांधले. आणि सांगितले, की यापुढे ज्याचे प्रेत मिळाले नाही तो मेला की जिवंत हे त्याची चूल सांभाळणारी बाईच ठरवेल. ती जसा देईल तसा दोर गावाने घ्यायचा. विचारायचे नाही.

आजही आम्ही विचारत नाही. मधल्या काळात फार वाईट वर्षे आली, हे तुम्ही वाचले असेल. माणसांना घरातून, बाजारातून उचलून नेत. त्या वर्षांत या हातदोरावर बोट ठेवायला जागा नव्हती. माझा भाऊ एलेउतेरियो याला बाजाराच्या दिवशी ट्रकमध्ये घालून नेले. तो मेला, हे मला ठाऊक आहे. मी दर वर्षी त्याच्यासाठी डावा दोर वळतो. माझी वहिनी ब्रिहिदा मात्र दर वर्षी उजव्या पिळाचा, पुऱ्या लांबीचा दोर घेऊन येते, घरात नवरा असलेल्या बाईसारखा. प्रमुख त्यावरून हात फिरवतो आणि बाकीच्या दोरांत ठेवतो. मग मी माझा दोर पोत्यातून बाहेर न काढता घरी परत नेतो.

आता उठा, एकेकाने चला. यंदाचा तिचा दोर डावीकडून दुसऱ्या दोरखंडात आहे, भक्कम आहे, बिनधास्त पाय टाका.