टिटवीचे पाहणे

जंगलातल्या एका तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. उन्हाळ्यात तळे आटले आणि मधोमध थोडेच पाणी उरले, तशी हरणे रोज दुपारी तिथे येऊ लागली. त्या जंगलाची एक रीत होती. काठावरच्या कोणीतरी "या" म्हटल्याशिवाय हरणे पाण्याला तोंड लावत नसत.

एके दिवशी कळपातले एक पाडस तहानेने कासावीस झाले होते. त्याच्या आईने विचारले, "पाण्यात काही आहे का हो?" मोर पिसे साफ करत होता. तो म्हणाला, "एक लाकूड दिसतंय खरं." माकड फांदीच्या टोकाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "बघितलं मी. लाकूडच आहे. खुशाल या."

"थोडं थांबा," काठावर उभी असलेली टिटवी म्हणाली.

माकड हसले. "आभाळ पडेल म्हणून ही पाय वर करून झोपते. हिचं काय ऐकता?"

"टिटवीताई, लेकराचा घसा सुकलाय. आणखी किती थांबू?" हरिणी काकुळतीने म्हणाली.

टिटवीने मान वळवली नाही. "वारा पलीकडे वाहतोय. पाण्यावरची सगळी पानं तिकडे चाललीत. लाकूड मात्र इकडे येतंय."

एवढ्यात पाडस धावत पाण्याशी गेलेच. टिटवी ओरडत थेट त्याच्या तोंडासमोर झेपावली. ते दचकून मागे उडाले आणि त्याच क्षणी लाकडाने जबडा उघडला. ती मगर होती. तिच्या दातांत नुसते पाणी आले.

टिटवीने दाखवलेल्या उथळ जागी, जिथे तळ स्वच्छ दिसत होता, तिथे पाडस पोटभर पाणी प्यायले. माकड खाली उतरून टिटवीजवळ आले. "मीही तेच लाकूड बघितलं होतं गं."

"तू बघून वळलास. मी पाहत राहिले," टिटवी म्हणाली. "बस इथे. आणि बोलू नकोस."

बालमित्रांनो, इंग्रजीत सी, लुक आणि वॉच असे तीन शब्द आहेत. आपण तिन्हींना 'पाहणे' म्हणून मोकळे होतो. मोराने केले ते सी, माकडाने केले ते लुक. पाडस वाचले ते वॉचमुळे.

तात्पर्य : डोळ्यांना दिसते सर्वांनाच, मान वळवून बघतातही पुष्कळ; पण जो धीराने पाहत राहतो, त्याच्याच भरवशावर इतरांनी पाण्यात पाऊल टाकावे.