बिनविरोध अग्निमंडळ

एकदा एका गावात बुरुडगल्ली जळाली, आणि दोष गावातल्या सर्वांत शहाण्या म्हाताऱ्याचा होता. हे आधीच सांगितलेले बरे; नाहीतर पांढऱ्या केसांना आपण उगाच माफ करतो.

आगीपासून रक्षणासाठी गावाचे एक मंडळ होते. पंप, नळ्या, शिड्या त्याच्या ताब्यात. दर पाच वर्षांनी मतदान करून सदस्य निवडावेत, असा नियम. पण निवडणूक आली की हा म्हातारा, साऱ्या गावाचा गुरू, इच्छुकांच्या पाठीवरून हात फिरवी, "गावात दुफळी नको, बाबांनो," म्हणे, आणि जागा जितक्या तितकीच नावे उरत. बिनविरोध! गुलाल उडे. कोणी कोणाला काही विचारत नसे. असाच एक व्यापारी मंडळावर बसला. आग लागली तेव्हा पंप त्याच्या मळ्यात उसाला पाणी देत होता.

गुरूचा एक शिष्य त्या जळालेल्या गल्लीतलाच. टोपल्या विणणाऱ्या त्याच्या आईचे दोन्ही हात भाजून आखडले.

पुन्हा निवडणूक आली. व्यापारी नेहमीसारखा आशीर्वादाला आला. गुरूने आशीर्वाद दिला, काठी उचलली आणि त्याच्याच विरोधात स्वतःचा अर्ज भरला.

शिष्य भडकला. "तुम्हाला तांब्या उचलवत नाही, गुरुजी! तुम्ही काय आग विझवणार?"

"मला निवडून यायचंच नाही रे. नाव एकच असलं की शेठला कोणाच्या दारात जावं लागत नाही. दोन झाली की जावं लागतं, तुझ्या आईच्यासुद्धा. मतदान म्हणजे नुसता शिक्का नव्हे. ती लोकांची जाब विचारायची वेळ असते. शांततेच्या नावाखाली ती मी हिरावून घेतली. तुमची गल्ली मी जाळली."

"हो, तुम्हीच," शिष्य म्हणाला. गुरूने मान खाली घातली.

व्यापारी खरोखरच दारोदार फिरला. शिष्याच्या आईने आखडलेले हात पुढे केले.

"ऊस वाळत होता, ताई," तो पुटपुटला.

"आम्ही तर जळत होतो, शेठ."

मागे शेजारणी उभ्या होत्या. त्यांनीही तोंड उघडले. शिष्य दारातच उभा होता. आपल्या आईला एवढ्या मोठ्या माणसाकडे जाब मागताना त्याने प्रथमच पाहिले. आणि मतदानाच्या आधीच पंप चावडीपुढे येऊन उभा राहिला.

निवडून व्यापारीच आला, पण काठावर.

गावात फूट पाडली म्हणून त्या म्हाताऱ्याकडे मरेपर्यंत कोणी सल्ला विचारायला गेले नाही.