टिटवीने त्याला राजा म्हटलं नाही

एका जंगलात, पाणवठ्याच्या काठच्या गोट्यांत एक टिटवी आणि तिचा टिटवा राहत असत. रोज उजाडलं की टिटवीने ओरडून पाणवठ्याची खबर द्यायची आणि डोंगरावरच्या हत्तींनी ती ऐकून खाली उतरायचं, असा तिथला रिवाज. राजा होता एक म्हातारा गवा, सगळ्यांनी मिळून नेमलेला. त्या जंगलात राजा पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचा, बरं का मुलांनो. उन्हाळ्यात झरा बारीक. 'राजा प्यायला' अशी हाक आली की त्या दिवसाचं पाणी बंद. मग कुणी तोंड लावायचं नाही.

एका उन्हाळ्यात गवा मेला. दुसरा राजा नेमायच्या आतच लांडगा पाणवठ्यावर येऊन बसला. सगळ्यांच्या आधी पोटभर प्यायला आणि टिटवीला म्हणाला, "ए अपशकुनी, उद्यापासून मला राजा म्हणायचं. तुझी अंडी उघड्यावर आहेत, ध्यानात ठेव." तो वळला तशी हरणी आली. "टिटवीबाई, त्याला दरोडेखोर म्हण हो!" टिटवी म्हणाली, "ते तू म्हण बाई. मी दिसलं तेवढं सांगणार." टिटवा काकुळतीला आला. "अगं, म्हणून टाक ना राजा! आपलं काय जातंय?" टिटवी म्हणाली, "अहो, आपलं नाही जात. डोंगरावरच्यांचं पाणी जातं."

सकाळी ती ओरडली, "लांडगा पाणवठ्यावर बसलाय! स्वतःला राजा म्हणवतो! नेमला कुणी नाही!" ओरडून खाली येते तो चारी अंडी फुटलेली. लांडगा पाय चाटत बसला होता. टिटवी त्या ओल्या गोट्यांवर तशीच बसून राहिली. तिची चोचच उघडेना. तिच्या जागी कावळा आला. लांडग्याच्या उष्ट्यावर जगणारा तो, भल्या पहाटे ओरडे, "महाराज प्यायले हो, राजा प्यायला!" हत्तींना वाटे, नवा राजा नेमला असेल; ते निम्म्या वाटेवरून माघारी फिरत. रिवाज मोडणारी जात नव्हती ती. खाली हरणं चिखल चाटत होती, वर हत्तीची पिल्लं माना टाकत होती.

मग एके दिवशी डोंगरावर गिधाडं घिरट्या घालताना दिसली. टिटवी उठली. टिटवा म्हणाला, "आता आपल्याला मारील तो." ती म्हणाली, "मारू दे. त्यांची तरी पोरं राहतील." आणि गळा फाटेस्तोवर ओरडली, "लांडगा प्यायला! हरणं तहानलेली आहेत! राजा अजून कुणी नेमला नाही!" वर म्हातारी हत्तीण थबकली. "राजाच नाही? मग आम्ही इतके दिवस कुणासाठी तहानेने मेलो गं?" सगळा कळप धडधडत उतरला. लांडगा शेपूट घालून पळाला, कावळा त्याच्याही पुढे.

हत्तिणीचं एक पिल्लू मात्र वरच राहिलं, कायमचं. पाणी पिऊन झाल्यावरही ती डोंगराकडे बघत उभी राहिली. टिटवीने पुन्हा अंडी घातली, तेव्हा ती हत्तीणच उन्हात सावली धरून घरट्याशी उभी राहायची. चारी पिल्लं सुखरूप बाहेर पडली, आणि टिटवा त्यांना लुटुलुटु पाण्याकडे घेऊन गेला.

तात्पर्य : बातमी सांगणाऱ्याने बळकावून बसलेल्याला मानाचं नाव देऊ नये आणि शिवीही देऊ नये, तो तिथे कसा बसला, तेवढं खरं सांगावं. दूरचे लोक त्या शब्दावरच जगतात नाहीतर मरतात.