धुरावरचा कर

राजाने धुरावर कर बसवायचं ठरवलं, तसे चुनाभट्टीचे मालक मोरशेट भर दरबारात कडाडले, "महाराज, या कराने भट्टी बुडेल, मजूर उपाशी मरतील! धुराचा त्रास होतो ना, मग भट्टीच्या पूर्वेची वस्तीच उठवा!"

राजाने मान डोलावली. वस्तीतली वेणू तिथल्या म्हाताऱ्यांसोबत दरबारात आली होती. म्हातारे "गप बस" म्हणत असतानाच ती उठली.

"शेट, तुमचं घर भट्टीच्या पश्चिमेला कसं?"

"वारा पश्चिमेकडून वाहतो, पोरी. आजोबांनी वारा बघूनच घर बांधलं!"

"मग महाराज, शेटना कर माफ करा. फक्त त्यांनी आमच्या वस्तीत राहावं आणि आम्ही त्यांच्या घरी."

"मंजूर!" राजा म्हणाला.

मोरशेटनी घाम पुसला. "महाराज, कर किती म्हणालात?"