घोड्यापुढचे प्यादे

फार पूर्वी बुद्धिबळाच्या एका शिसवी पटावर, पांढऱ्या राजाच्या बाजूला, घोड्यापुढे एक प्यादे उभे होते. डाव सुरू होताच तेच पहिले उठले आणि एकदम दोन घरे पुढे गेले.

"अरे, तू कुठे निघालास?" राजा ओरडला.

"महाराज, सगळे मधूनच निघतात. मी कडेने निघालो. आता बघा काळ्यांची कशी तारांबळ उडते!"

राजाने कपाळाला हात लावला. हे प्यादे त्याच्या दाराशी पहाऱ्याला होते.

काळ्यांची तारांबळ उडाली नाही. त्यांचे मधले एक प्यादे दोन घरे पुढे आले आणि गप्प उभे राहिले. ते हलल्याने मागच्या उंटाची तिरकी वाट मोकळी झाली आणि उंटाची नजर थेट या बहाद्दरावर पडली.

"मला आधार द्या रे!" ते ओरडले. लगेच राजाच्या उंटापुढचे प्यादे एक घर सरकले.

"तू तरी थांब!" राजा म्हणाला. "काय वैताग आहे! एकाला वाचवायला दुसराही दार सोडतोय."

काळ्यांचे दुसरे मधले प्यादे पहिल्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. पांढऱ्यांचे अगदी कडेचे प्यादेही मदतीला सरकले. तेवढ्यात काळा वजीर मोकळ्या वाटेने तिरका आला. राजाला शह बसला आणि हलायला एकही घर उरले नाही.

"महाराज, मी मागे येऊ का?" प्याद्याने विचारले.

"प्याद्याला मागे येता येत असतं," राजा म्हणाला, "तर पहिल्याच खेळीला तुला कान धरून आणला असता."